तुटतो एक्सल, विचारायचं पायाला

तुटलेला एक्सल हातात घेऊन येणाऱ्या पोराची मागणी ठरलेली असते. "काका, याहून जाड बनवून द्या." मी आधी तुकडा घेऊन उजेडात जातो आणि तुटलेलं तोंड बघतो. तोंड सपाट असेल तर पोलाद पिळत पिळत जाऊन कापलं गेलंय. ४५ अंशांत तिरकं फाटलं असेल तर ते गरजेपेक्षा कडक, म्हणजेच ठिसूळ होतं. अर्धा भाग गुळगुळीत, त्यावर एकामागे एक वक्र रेषा आणि उरलेला भाग खरबरीत असेल, तर तडा जुनाच होता. शर्यतीच्या दिवशी फक्त निकाल लागला. टोकाकडच्या स्प्लाइन सरळ आहेत की तिरक्या झाल्यात, तेही बोट फिरवून पाहतो. एवढं झाल्यावर बहुतेक वेळा मी एक्सलविषयी बोलतच नाही. विचारतो, "क्लच कुठला टाकलायस? आणि सोडतोस कसा?"

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती होतात. पाव मैल म्हणजे १,३२० फूट, ४०२ मीटर. गप्पा सगळ्या हॉर्सपॉवरच्या, पण आम्ही बघतो ते पहिल्या ६० फुटांचं टायमिंग. तिथे एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी दीड-दोन दशांश वाचतात, असा जुना ठोकताळा आहे. म्हणून सगळे तिथेच जोर लावतात आणि एक्सलही तिथेच जातात.

जरा हिशेब करू. इंजिन २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं असं धरा. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून तो साधारण १४ पट होतो आणि दोन एक्सलमध्ये वाटला जातो. एवढं कंपनीच्या एक्सलला चालतं. पण उभ्या गाडीत ५,००० आरपीएमवर रेस धरून क्लच झटक्यात सोडला, तर टॉर्क एकट्या इंजिनाचा राहत नाही. क्रँक, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट हे सगळं वजन फिरत असतं, आणि क्लच त्याला ओढून खाली आणतो. त्यांचं जडत्व ०.१२ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरलं आणि आरपीएम ५,००० वरून २,५०० वर एक दशांश सेकंदात आले, तर फ्लायव्हीलकडून वरचे ३१४ न्यूटन मीटर येतात. म्हणजे इंजिनाहून जास्त! तेच आरपीएम अर्ध्या सेकंदात उतरले तर वरचा भार ६३. गाडी तीच, एक्सल तोच, इंजिन तेच. फरक फक्त डाव्या पायाचा.

आता क्लच. कंपनीचा क्लच इंजिनाच्या टॉर्कच्या साधारण दीडपटीच्या आसपास घसरायला लागतो, त्यामुळे फ्लायव्हीलचा झटका पूर्णपणे पुढे जातच नाही. पोरं पहिलं काम काय करतात, तर तो काढून अजिबात न घसरणारा रेसिंग क्लच बसवतात. घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारी माणसं असतात ना, तसलाच हा प्रकार. दुसरं संरक्षण टायरचं. रस्त्यावरचा टायर किंचाळत सुटतो तेव्हा लाज वाटते खरी, पण त्या क्षणी तो एक्सल वाचवत असतो. मग चिकट टायरही येतात. आता क्लच घसरत नाही, रबर सुटत नाही. उरलं कोण?

तरी एक्सल चांगला हवाच, आणि तो बनवता येतो. आमच्याकडे भोसरीत ईएन-२४ चा बार सहज मिळतो. अमेरिकन लोक ज्याला ४३४० म्हणतात त्याच जातीचं पोलाद. पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे व्यास १० टक्के वाढवला की ताकद ३३ टक्के वाढते. हे ऐकून सगळे खूश होतात. पण मी शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या खाचेच्या तळापेक्षा किंचित बारीक ठेवायला सांगतो, तेव्हा लेथवाला माझ्याकडे बघत राहतो. दांडा सगळीकडे जाड ठेवला तर सगळा पीळ स्प्लाइन संपतात त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि तडा तिथेच सुरू होतो. मधला भाग बारीक असला की पीळ लांबीभर पसरतो. बसवण्याआधी शाफ्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढतो. चार-सहा धावांनंतर ती तिरकी दिसली, तर पोलाद परत न येण्याइतकं पिळलंय. मग तो शाफ्ट बाद.

सगळ्यात वाईट व्हील हॉप. चाक पकडतं, सुटतं, परत पकडतं, आणि दर पकडीला एक्सलवर हातोडा बसतो. तिथे हिरोगिरी नको, पाय उचला. नंतर गाडी लिफ्टवर घेऊन इंजिन माउंट आणि खालचे बुश बघा.

सुटायची माझी पद्धत साधी आहे. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह असेल तर हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच बायटिंग पॉइंटला आणून गाडी जागेवरच ताणू द्या. गिअरचे दात, सीव्ही जॉइंट, स्प्लाइन, सगळ्यांतला प्ले तिथेच संपतो. मग हिरवा दिवा, हँडब्रेक खाली, आणि पेडलचा शेवटचा इंचभर भाग सावकाश सोडा. क्लच प्लेट तापते, वास येतो. येऊ दे, एक्सलपेक्षा प्लेट स्वस्त. बीएमडब्ल्यूच्या काही मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या तेलवाटेत एक बारीक व्हॉल्व्ह असतो, जो पेडल कितीही झटक्यात सोडलं तरी क्लच हळू पकडायला लावतो. हौशी लोक तो पहिल्या महिन्यात काढून फेकतात.

अमेरिकेत ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरए, तिचा नियम आहे: पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर मारणाऱ्या गाडीला कंपनीचा एक्सल चालत नाही, आणि एक्सल हाउझिंगमधून निसटणार नाही अशी पकडही लागते. कारण मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत एक्सल आतल्या टोकाला एका छोट्या क्लिपवर अडकलेला असतो. तो मोडला तर चाकासकट बाहेर येतो. आपल्या बहुतेक पुढच्या चाकांच्या गाड्यांत चाक हबच्या बेअरिंगवर धरलेलं असतं, त्यामुळे मोडला तर गाडी बहुधा फक्त जागेवर थांबते आणि मित्र मोबाइल काढतात.

राहता राहिला दुसरा गिअर. ऍक्सिलरेटर न सोडता दणकन दुसरा टाकणारे आहेतच. तिथेही फ्लायव्हील तेच करतं, पण गुणक लहान असल्यामुळे एक्सल सहसा वाचतो आणि सिंक्रोच्या रिंगा बोंबलतात. ते काम घेऊन माझ्याकडे येऊ नका. गिअरबॉक्स मी उघडत नाही.