खोकलीचं मूळ आणि शेपटीजवळचं गळू

भाद्रपदातल्या एका सकाळी एक आजी बोक्याला भाजीच्या पिशवीत घालून दवाखान्यात आल्या. नातवाने मोबाइलवर सगळं टिपलं होतं. बोका गॅलरीत आडवा पडून मातीने माखलेल्या मुळांवर गाल घासत होता, लाळ गाळत होता, मागच्या पायांनी ती मुळं लाथाडत होता, मध्येच थांबून नुसता बघत राहत होता. "फिट आली हो याला, डॉक्टर!" आजींचे हात थरथरत होते. कुंडीतलं तण त्यांनीच थोड्या वेळापूर्वी उपटलं होतं. ते तण खोकलीचं होतं.

टेबलावर बोका अगदी शुद्धीवर होता. मात्र शेपटीच्या बुडाशी हात लागताच गुरकावला. केसांखाली लिंबाएवढं गळू होतं.

"ते होय," आजी म्हणाल्या, "रात्री बाहेर भांडून येतो कधी कधी."

हे उलटं भय मला दवाखान्यात नेहमी भेटतं. मांजर घरात लोळलं की धावपळ होते. रात्रभर बाहेर राहिलं तर मात्र "मांजरच ते, येईल सकाळी" म्हणून सगळे झोपी जातात.

आधी त्या लोळण्याबद्दल. दुकानात मांजरांच्या खेळण्यांत जो कॅटनिप भरलेला असतो, तो पुदिन्याच्या कुळातल्या एका झुडपाचा वाळलेला पाला. त्यातलं नेपेटालॅक्टोन हे द्रव्य मांजराला वासातून कळतं. साधारण तीनातली दोन मांजरं उघडपणे लोळतात, बाकीची हुंगून निघून जातात. हा गुण आनुवंशिक आहे. अगदी लहान पिल्लांना त्याचं काही वाटत नाही. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं आणि पुढचा तासभर तोच पाला नाकाशी धरला तरी मांजर ढिम्म राहतं. २०२१ साली जपानच्या इवाते विद्यापीठातल्या मासाओ मियाझाकी यांच्या गटाने मातातबी या तिकडच्या वेलीवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. तिच्यातल्या अशाच द्रव्याने मांजरांच्या रक्तात शरीर स्वतःच तयार करतं ते एंडॉर्फिन वाढलं होतं, आणि अंग घासलेल्या मांजरांवर डास कमी बसले होते. म्हणजे ज्याला आपण नशा म्हणतो, ते मांजराने अंगाला डासांचं औषध चोळून घेणंही आहे. व्यसन लागत नाही, हे मी मालकांना ठासून सांगतो.

आपल्याकडे या जागी खोकली आहे. पावसाळ्यात भिंतीकडेला, कुंडीत, वाफ्यात कुठेही उगवणारं, चार पैशांचंही मोल नसलेलं तण. पानांकडे मांजर ढुंकूनही बघत नाही. ओढ असते ती ताज्या उपटलेल्या मुळाची. हिंदी महासागरातल्या, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या क्रिसमस बेटावर मोकाट मांजरांनी तिथल्या वन्यजीवांपुढे संकट उभं केलं आहे. या मांजरांना खोकलीच्या वासाने ओढून आणता येईल का, हे तिथे तपासलं गेलं. २०१६ साली तिच्या मुळांतली मांजरांना खेचणारी द्रव्यं ओळखली गेली, ती नेपेटालॅक्टोनच्याच गोतावळ्यातली निघाली. आमच्या अंगणातलं तण एवढ्या दूर कामाला लावलं गेलं, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

आता गळू. बोक्याचा सुळा सुईसारखा आत जातो, भोक दिवसाभरात वरून बुजतं आणि आत पू साठत राहतो. मालकाला तीन-चार दिवसांनी कळतं, तेही मांजराने खाणं सोडल्यावर. गळू फोडून, धुऊन, औषधं देऊन मी बरं करतो. पण त्याच चाव्यातून एफआयव्ही हा विषाणू शिरला असेल, तर तो शरीरातून काढून टाकणारं औषध माझ्याकडे नाही. उंदराच्या विषाने तर माझी झोप उडवली आहे. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर रक्त गोठेनासं होतं आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. तोवर मालकाला ती रात्र आठवतही नसते. पावसात गाडीच्या गरम इंजिनावर जाऊन झोपलेली मांजरं, फटाक्याच्या पहिल्या माळेला घाबरून पळालेली आणि परत न आलेली मांजरं. दर दिवाळीत असे फोन येतात. शिवाय पोट भरलेलं मांजरही शिकार करतंच. खाली लोंबणारं शिंजिराचं घरटं त्याच्या तावडीतून सुटत नाही.

"मग कोंडून ठेवायचं का बिचाऱ्याला?" आजींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. नुसतं दार बंद केलेलं मांजर पडदे फाडतं, लठ्ठ होतं, रात्रभर ओरडतं. उघडी गॅलरीही भरवशाची नाही. कबुतराच्या मागे झेपावून तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या मांजराची टाळू दुभंगलेली, छातीत हवा भरलेली मी पाहिली आहे. उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा न्यूयॉर्कमधला अभ्यास १९८७ साली छापून आला, त्यातली नव्वद टक्के वाचली म्हणून लोक मला तो ऐकवतात. पण दवाखान्यात पोचलेली मांजरंच त्यात मोजली होती. खाली पडून तिथेच गेलेली त्यात कुठून येणार?

आजींना मी नसबंदी सांगितली, लसी सांगितल्या. पॅनल्युकोपेनियाची लस घरातल्या मांजरालाही हवीच, तो विषाणू आपल्या चपलेवरून आत येतो. गॅलरीला पक्की जाळी, चढायला उंच फळी, संध्याकाळी दोरीला पीस बांधून दहा मिनिटं शिकारीचा खेळ. आणि आठवड्यातून एकदा धुतलेलं खोकलीचं मूळ, हुंगण्यापुरतं, नजरेसमोर. खेळ संपला की उचलून टाकायचं, चघळून गिळू द्यायचं नाही.

पुढच्या आषाढात त्या बोक्याला लसीसाठी घेऊन आल्या. अंगावर एकही नवी जखम नव्हती. गॅलरीत एक कुंडी आता खोकलीचीच आहे म्हणाल्या, आणि माळी ती निंदायला गेला की त्याच्यावर ओरडावं लागतं.