शनिवारी जायचा वाडा

बायको गुरुवारी पुण्याहून प्रागला येतेय. नऊ दिवसांसाठी. त्यात विकांत एकच, आणि त्यातला रविवार एका मित्राच्या मुलीच्या बारशाला आधीच वाहिलेला. म्हणजे उरला इनमीन एक शनिवार. या शनिवारासाठी तिने फोनवर दोनच वाक्यांत रिक्वायरमेंट दिली आहे: "काहीतरी रोमँटिक बघू या रे. आणि दगदग नको." पहिल्या वाक्याचा अर्थ कुणी लिहून दिलेला नाही आणि दुसरं वाक्य पहिल्याच्या आड येतं. पण इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर अशा रिक्वायरमेंटचं काही वाटेनासं होतं.

त्या शनिवारी आणखी एक काम आहे. इथल्या कंपनीने मला तीन वर्षांचं करारपत्र देऊ केलंय, उत्तर ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचंय. तिकडे जूनमध्ये बायको टीम लीड झाली, आणि ती जागा तिने घासून मिळवलेली आहे. चौदा महिने आमचा संसार साडेतीन तासांच्या फरकाने फोनवर चाललाय (हिवाळ्यात साडेचार). हा विषय फोनवर काढला की पाच मिनिटांत 'तुला काय वाटतं?' 'तुला काय वाटतं ते सांग आधी' असा खो-खो सुरू होतो. म्हणून समोरासमोर बोलायचं ठरलंय. कधी, तर शनिवारी. कुठे, ते मी ठरवायचं.

तर मंडळी, झेक देशात राजवाड्यांना तोटा नाही. भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. 'ह्राद' म्हणजे आपला गड, लढायचा. 'झामेक' म्हणजे वाडा, राहायचा. झामेक या शब्दाचा दुसरा अर्थ कुलूप, त्यामुळे भाषा शिकताना सुरुवातीला बरीच करमणूक होते. प्रागहून एका दिवसात करायच्या यादीत सगळ्यात वर असतो कार्लश्टेयन. चौदाव्या शतकातला, सम्राट चौथ्या कार्लचा. देखणा आहे, पण तो गड आहे. कोनोपिश्त्येचा वाडा जवळ पडतो, पण तो आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा. ज्याच्या खुनाने १९१४ चं महायुद्ध पेटलं, तोच. या गृहस्थाला शिकारीचा भयंकर नाद. भिंतीभिंतींवर शिंगं आणि मुंडकी. शाकाहारी बायकोला घेऊन तिथे रोमँटिक होण्याची माझी हिंमत नाही. चेस्की क्रुम्लोव्हला सगळेच जातात, आणि सगळेच जात असल्यामुळे तिथे बोलायला जागा सापडत नाही.

मी निवडलाय ह्लुबोका. पूर्ण नाव ह्लुबोका नाद व्ल्तावोउ, म्हणजे व्ल्तावा नदीवरचं ह्लुबोका. दक्षिण बोहेमियात, चेस्के बुद्येयोव्हित्से या शहरापासून दहाएक किलोमीटरवर. पांढराशुभ्र, ११ मनोरे, १४० खोल्या. इंग्लंडच्या विंडसर कॅसलवरून घेतलेला, आणि हे कुणी लपवतही नाही. ह्लुबोका या शब्दाचा अर्थ 'खोल', आणि वाडा बरोबर टेकडीवर! असो.

आता 'रोमँटिक' म्हणजे काय, याचा मी जरा शोध घेतला. वाड्यांच्या बाबतीत हा शब्द मेणबत्त्या-गुलाबवाला नाही, ते एका काळाचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकात इकडच्या उमरावांना मध्ययुगाचं वेड लागलं. तोफा आल्यावर तटबंद्या निकामी झाल्या होत्या, लढायचं कुणालाच नव्हतं, पण बुरूज आणि कंगोरे मात्र हवे होते, शोभेला. त्याला म्हणायचं रोमँटिक बांधकाम. योगायोग असा की ह्लुबोका दोन्ही अर्थांनी बसतो.

या वाड्याचे मालक श्वार्झेनबेर्ग घराण्यातले प्रिन्स यान आडॉल्फ दुसरे आणि त्यांची बायको एलेओनोरा. ती माहेरची लिश्टेनस्टाईन, म्हणजे तीही काही साध्या घरची नव्हे. १८३८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने इंग्लंडला जाणं झालं आणि तिकडचे वाडे बघून दोघांच्या डोक्यात खूळ शिरलं. ह्लुबोकाला तेव्हा अठराव्या शतकातला बरोक पद्धतीचा चांगला उभा वाडा होता. तो पाडला. १८४१ च्या सुमारास काम सुरू झालं. फ्रान्झ बेयर नावाचा व्हिएन्नाचा वास्तुविशारद नेमला, तो १८६१ मध्ये वारला, मग दामासिउस देवोरेत्स्की याने आतलं काम पुढे नेलं. १८७१ मध्ये संपलं. तीस वर्षं! प्रोजेक्टचा आर्किटेक्ट मधेच जातो, नवा येतो, ग्राहक रोज नवीन मागणी करतो, तरी प्रोजेक्ट पूर्ण होतं. आमच्या हापिसात हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

पण मी अडकलो ते पुढच्या आकड्यावर. एलेओनोराचा जन्म १८१२ चा आणि मृत्यू १८७३ चा. वाडा पूर्ण झाला १८७१ ला. म्हणजे तयार घरात बाईंना मिळाली दोन वर्षं.

हे मी बायकोला फोनवर सांगितलं. ती काही क्षण गप्प होती. मग म्हणाली, "आणि ती तीस वर्षं ते राहिले कुठे?"

"अगं, त्यांना काय कमी? क्रुम्लोव्हचा वाडा त्यांचाच, त्र्शेबोनचा त्यांचाच, व्हिएन्नात वेगळा."

"एकत्रच ना पण?"

"असतील. का?"

"काही नाही. म्हणजे काम चालू होतं तोवर राहायचं त्यांनी थांबवलं नव्हतं," ती म्हणाली. "आपल्याकडे तेवढे वाडे नाहीत रे." आणि मग तिने विषय बदलून स्वेटर किती आणू ते विचारलं. (दोन. सप्टेंबरअखेरीस इथे सकाळी बोचरं असतं.)

तेव्हापासून मी त्या वाड्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलोय. कारण आमचंही तसंच चाललंय. 'कोथरूडचा फ्लॅट झाला की', 'हे प्रोजेक्ट संपलं की', 'पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली की'. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'की' आणि पुढे टिंबं. तिच्याकडून तिचे, माझ्याकडून माझे. करारपत्राची तीन वर्षं ही दिसायला तीन आहेत, पण त्यांना एकदा 'की' चिकटला की त्यांची किती होतात याचा अंदाज मला आहे.

मग एवढं करून ते घर तरी टिकलं का? घर टिकलं, घरातली माणसं नाही. शेवटचे मालक आडॉल्फ श्वार्झेनबेर्ग उघडपणे नाझीविरोधी होते. १९३९ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, १९४० मध्ये गेस्टापोने मालमत्ता ताब्यात घेतली. युद्ध संपल्यावर परत मिळेल असं वाटत असेल, पण १९४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेने खास या एका घराण्याच्या मालमत्तेसाठी कायदा केला, तो 'लेक्स श्वार्झेनबेर्ग' म्हणूनच ओळखला जातो. १९५० मध्ये आडॉल्फ इटलीत वारले. घराण्याच्या दुसऱ्या शाखेतले कारेल श्वार्झेनबेर्ग पुढे झेक परराष्ट्रमंत्री झाले, २०१३ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले आणि २०२३ मध्ये गेले. ह्लुबोका मात्र आजही सरकारी. आपण तिकीट काढून बघायचा.

तिकिटाचं सांगतो, कारण दगदग नको हा भाग इथे येतो. आतली दालनं आपल्या मनाने फिरून बघता येत नाहीत, ठरलेल्या वेळेच्या टूरमध्ये गाईडच्या मागून जायचं. इकडच्या बहुतेक सगळ्या वाड्यांत हीच पद्धत, आणि बहुतेक सगळे सोमवारी बंद. ह्लुबोकात टूर एकच नाही. मुख्य दालनांची वेगळी, खाजगी खोल्यांची वेगळी, स्वयंपाकघराची वेगळी, शिवाय मनोरा. हौशी माणूस सगळी घेतो आणि दुपारी त्याचे पाय बोलायला लागतात. आम्ही मुख्य दालनंच घेणार. एलेओनोराची वाचायची खोली त्यातच आहे. त्यातच याकोब योर्डान्सच्या चित्रांवरून विणलेले सतराव्या शतकातले भिंतपडदे आहेत आणि त्यांचा विषय चक्क म्हणी! एकीचा अर्थ असा: मालकाची नजर असली की घोडा धष्टपुष्ट होतो. याची एक प्रत आमच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये लावायला हरकत नाही.

दाराचं हँडल मात्र बायकोला आधीच दाखवून ठेवायला हवं, नाहीतर रोमँटिकचा विचका व्हायचा. एक कावळा एका तुर्काच्या मुंडक्याचा डोळा टोचतोय असं ते हँडल आहे. १५९८ मध्ये आडॉल्फ नावाच्याच एका श्वार्झेनबेर्गने तुर्कांकडून हंगेरीतलं राब, म्हणजे आजचं ग्यॉर, जिंकून घेतलं. तेव्हापासून हा कावळा घराण्याच्या चिन्हात आला. आपण दारावर गणपती लावतो, यांनी हे लावलं.

वाड्याच्या खालच्या कुरणाचीही एक गोष्ट आहे. झाविश ऑफ फाल्केनश्टेयन नावाचा सरदार. राजा ओताकार लढाईत पडल्यावर त्याची विधवा राणी कुनहुता हिच्याशी याने लग्न केलं. पुढे राणी वारली, तिचा मुलगा राजा झाला आणि झाविश कैदेत पडला. त्याला किल्ल्याकिल्ल्यांसमोर नेऊन 'किल्ला द्या, नाहीतर याचं डोकं उडवू' असा दम भरायला सुरुवात झाली. ह्लुबोका त्याच्या भावाच्या ताब्यात होता. भावाने दिला नाही. १२९० मध्ये झाविशचा शिरच्छेद इथेच, गडाखाली झाला. ही गोष्ट मी शनिवारी सांगणार नाही. म्हणजे, जेवण होईपर्यंत नाही.

जायचं कसं? प्रागच्या मुख्य स्टेशनावरून बुद्येयोव्हित्सेपर्यंत थेट गाडी, साधारण दोन तास. तिथून बस. नकाशावर ह्लुबोका नावाची दोन रेल्वे स्टेशनं दिसतात आणि नवखा माणूस खूश होतो. पण एक गावाच्या एका अंगाला, दुसरं नदीपलीकडे, आणि दोन्ही वाड्याच्या पायथ्याशी नाहीत. बस गावात सोडते, तिथून दहा मिनिटांची चढण. नदीकाठाने सायकलचा सपाट रस्ताही आहे, आणि मी एकटा असतो तर तोच घेतला असता. पण नऊ दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या माणसाला सायकलवर बसवणं हे क्रौर्य आहे.

मित्रमंडळींचा सल्ला एकमुखी: "तिकडे जातोच आहेस तर क्रुम्लोव्ह पण उरकून टाक की! पंचवीस किलोमीटर तर आहे." आपल्या लोकांना 'उरकणं' फार आवडतं. अष्टविनायक दीड दिवसात, युरोप अकरा दिवसांत. मी ठाम नाही म्हटलं. क्रुम्लोव्ह जोडलं की दिवस वेळापत्रकाच्या ताब्यात जातो, आणि बसस्टॉपवर धावताना कुणाशीही आयुष्याबद्दल बोलता येत नाही. बुद्येयोव्हित्सेचा मोठा चौक, सॅमसनचं कारंजं, संध्याकाळी गाडीआधी अर्धा तास मिळाला तर बघू. नाही मिळाला तर कारंजं कुठे जात नाही.

खादाडीचं म्हणाल तर झेक हॉटेलात शाकाहारी माणसाचा तारणहार एकच: स्माझेनी सीर, म्हणजे चीजचा जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला. बायकोला तो दोनदा चालतो, तिसऱ्यांदा ती माझ्याकडे बघते. त्यामुळे शुक्रवारी रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या करायच्या, आणि ती येताना सासूबाईंचं लिंबाचं लोणचं आणतेच आहे. वाड्याभोवती मोठी इंग्रजी धाटणीची बाग आहे, मोठमोठी झाडं आणि मोकळं गवत, तिथे जायला तिकीट लागत नाही. शनिवारी या वाड्यांवर लग्नं लागतात, तेव्हा फोटोसाठी एखादी नवरी झाडाखाली उभी असेलच. तिच्या फ्रेममध्ये पुरीचा डबा येणार नाही अशी जागा शोधायची.

हे सगळं मी एका शीटमध्ये मांडून बायकोला पाठवलं. गाडीची वेळ, बसची वेळ, टूर ११ ची, जेवण साडेबाराला, मग पुन्हा मनोरा, मग बाजूच्या जुन्या घोडेस्वारीच्या दालनातली कलादालनाची चित्रं, मग बस. काल रात्री तिने शीट उघडलेली दिसली. मनोरा उडवला होता. चित्रंही. दीड ते चार अशी अडीच तासांची एकच लांब रिकामी ओळ केली होती आणि तिला पिवळा रंग दिला होता. शेवटी एक कॉलम वाढवून 'आणायचं' असं लिहिलं होतं, त्यात छत्री, सतरंजी आणि 'करारपत्राची प्रत'.

सतरंजी माझ्याकडे नाही. उद्या हापिसातून येताना बघतो.