दोन बाटल्या

ब्रॉन्कोस्कोपी होऊन गेली होती. हाती काही लागलं नव्हतं. उजव्या फुफ्फुसातली गाठ पार मागे, बरगड्यांना लागून. नळी तिथवर पोचत नाही. म्हणून सीटीवर बघत पाठीतून सुई घालायचं ठरलं. टीबी की कॅन्सर, एवढंच कळायचं होतं. ‘तोवर टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू’ म्हणणारेही एक भेटले होते. आमच्या छातीच्या डॉक्टरांनी ते साफ उडवून लावलं.

मला पालथं झोपवलं. पाठीवर तारांची पट्टी चिकटवून एक स्कॅन, मग पेनाने फुली. भुलीचं इंजेक्शन चरचरलं. श्वास दर वेळी तेवढाच धरायचा, कारण श्वासाबरोबर गाठही वरखाली होते. फुफ्फुसाला स्वतःला दुखत नाही म्हणे. त्याच्या आवरणाला मात्र चांगलंच दुखतं. सुई तिथून गेली तशी खांद्यापर्यंत कळ गेली. मग खट्! स्टेपलर मारल्यासारखा आवाज. असे चार.

‘सगळे फॉर्मॅलिनमध्येच ना?’ कोणीतरी विचारलं.

फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. टीबीचं कल्चर लावायचं तर तुकडा नुसत्या सलाइनमध्ये हवा. डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, आणि ती चिठ्ठी बाहेर, ह्यांच्या खिशात! मी पालथी, पाठीत सुई, बोलायची बंदी. तरी बोलले, ‘दोन सलाइनमध्ये टाका!’ रेडिओलॉजिस्ट माझ्यावरच खेकसले, पण दोन तुकडे वाचले.

नंतर बाटल्या पाहिल्या. शेवयांच्या चुऱ्याएवढे पांढुरके तुकडे. निरोगी फुफ्फुस आतल्या हवेमुळे तरंगतं. हे तळाशी बसले होते. ह्यांनी बाटल्या रुमालात गुंडाळून रिक्षाने लॅबमध्ये पोचवल्या. मी टोचलेली बाजू खाली करून पडून. चार तासांनी एक्स-रे काढला, तर फुफ्फुसाबाहेर थोडी हवा सुटलेली. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं, ती आपसूक जिरली.

जीनएक्स्पर्ट ह्या टीबीच्या चाचणीचा रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी आला: टीबी, आणि रिफॅम्पिसिन ह्या औषधाला दाद देणारा. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यांचे काप बघून कॅन्सर नसल्याचंही तिसऱ्या दिवशी कळलं. कल्चरला मात्र सहा आठवडे.

ह्यांनी वॉर्डातूनच वन्संना फोन लावला. ‘ताई, टीबी निघाला, टीबी!’ पलीकडे वन्संनी हंबरडाच फोडला.