उकळतं पाणी आणि ती मंडळी

मोरीत उकळतं पाणी ओतण्याआधी नानी 'बिस्मिल्ला' म्हणायची. तिथे जिनांची पोरंबाळं खेळत असली तर भाजतील, आणि मग ते डूख धरतील. मगरिबच्या नमाजनंतर शीळ घालायची नाही, झाडाखाली जायचं नाही. जिन हा शब्दही ती टाळायची. 'ती मंडळी' म्हणायची. दापोलीच्या घरात ही भीती अशी रोजच्या कामात मिसळलेली होती. पडद्यावरचं भय वेगळं. तिथे पाद्री आणि क्रूस, नाहीतर रामसे बंधूंच्या हवेल्या.

कॉलेजात मेतिन एर्क्सानचा तुर्की भयपट 'शेय्तान' (१९७४) हाती लागला. एर्क्सान मोठा दिग्दर्शक. १९६४ साली बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सुवर्ण अस्वल मिळवलेला. पण हा सिनेमा 'एक्झॉर्सिस्ट'ची जवळजवळ नक्कल. पवित्र जलाच्या जागी झमझमचं पाणी आलं, घर परक्याचंच राहिलं. मला भीती वाटली नाही.

ती वाटली हसन काराजादाच्या 'दब्बे' या तुर्की सिनेमामुळे (२००६). हा माणूस जपानमध्ये सिनेमा शिकलेला, आणि जपानी भयपटांची छाप त्याच्यावर उघड दिसते. पण कयामतीआधी जमिनीतून निघणारा जो प्राणी कुरआनात आहे, त्याचं भय त्याने इंटरनेटच्या तारांतून घरोघरी सोडलं. ईदला जमलेली आम्ही भावंडं लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसलो होतो. एक जण इंग्रजी सबटायटल मोठ्याने वाचून अर्थ सांगत होता, कोपऱ्यातली खाला कुरआनातली आयतुल कुर्सी पुटपुटत होती. तुर्कस्तानातही लोक जिनाचं नाव घेत नाहीत, 'तीन अक्षरवाले' म्हणतात, हे नंतर कळलं तेव्हा मला नानीच आठवली.

पुढे आल्पर मेस्तचीचा 'सिज्जीन' (२०१४) आला. माझ्या मते जिनांच्या या तुर्की भयपटांचं मर्म त्यात आहे. ओझनूर लहानपणापासून नात्यातल्या कुद्रेतवर जीव टाकते. त्याचं लग्न निसाशी झालेलं, म्हणून ती निसावर करणी करवते. हाक मारताच आत येणारी, घरच्यांच्या सुखदुःखात असणारी नात्यातलीच बाई! जिन नंतर येतात. आधी येतो मत्सर. आमच्याकडेही तावीज बांधताना बायका दबक्या आवाजात ज्यांची नावं घेत, ती नावं बहुतेक वेळा नात्यातलीच असत. इंडोनेशियाने २०२३ साली हीच गोष्ट आपल्या माणसांत नेऊन नव्याने केली, याचं मला जराही नवल वाटलं नाही.

आता माझा भाचा हे सिनेमे फोनवर बघतो. कानात इअरफोन, बोट सतत पुढे सरकवणारं. एकट्याने बघण्याचं मला वाईट वाटत नाही. रात्री एकट्याने बघायला छाती लागते. पण तो संथ भाग उडवतो, आणि तिथेच तर सगळं पेरलेलं असतं. काराजादाच्याच 'दब्बे: जिन चारपमासी'मध्ये (२०१३) लग्नाआधीच्या मेंदीच्या रात्री कुब्रा होणाऱ्या नवऱ्याचा जीव घेते. ती बायकांची बैठक उडवली, की उरतात फक्त किंकाळ्या, आणि त्या कुठल्याही देशाच्या सिनेमात मिळतात.

"करणी कुणी केली ते आधीच सांग ना," तो परवा म्हणाला. मी सांगितलं नाही. ती बाई सुरुवातीच्या जेवणापासून सगळ्यांच्या मध्ये बसलेली असते, आणि तिला हेरायचं तर ते जेवण संपेपर्यंत बघावं लागतं.