लिंक देणाऱ्याचा वाटा

ऑनलाइन जुगारावर लिहिणारे बहुतेक लोक दोनच माणसांविषयी लिहितात. एक हरणारा, दुसरा ॲपचा मालक. हरणाऱ्याने कर्ज काढले, घर सोडले, जीव दिला, की बातमी होते. मालकावर ईडीने छापा टाकला, तो दुबईत सापडला, की मोठी बातमी होते. या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो आणि तो बातमीत येत नाही, कारण तो आपल्या शेजारी राहतो. कंपनीच्या भाषेत तो ॲफिलिएट. आमच्याकडची पोरे त्याला सरळ 'लिंकवाला' म्हणतात.

आम्ही काही मित्र पिंपरी-चिंचवडच्या एका वस्तीत अभ्यासिका चालवतो. चाळीस खुर्च्या, एक वॉटर कूलर, बाबासाहेबांचा फोटो आणि स्पर्धा परीक्षांची जुनी पुस्तके. येणारी मुले दिवसा चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर असतात, रात्री येऊन वाचतात. त्यातल्याच एकाने, पदवीधर, वय पंचवीस-सव्वीस, दोन परीक्षांत थोडक्यात राहिलेला, टेलिग्रामवर क्रिकेटचे चॅनल काढले. आम्हाला वाटले, मुलगा क्रिकेटवर लिहितो. पुढे कळले की चॅनलच्या प्रत्येक संदेशाखाली एक लिंक असते आणि अभ्यासिकेतल्या निम्म्या मुलांच्या मोबाइलमध्ये ती पोचलेली आहे.

त्याच्यावर ओरडण्याआधी आम्ही त्याला धंदा समजावून सांगायला लावला. तो त्याने नीट समजावला. लिंकला त्याचा क्रमांक जोडलेला असतो. त्या लिंकवरून कुणी आयडी काढली आणि पहिल्यांदा पैसे टाकले की कंपनी ती आयडी त्याच्या नावावर धरते. मोबदल्याचे दोन मुख्य प्रकार. एकात प्रत्येक नव्या माणसामागे एकदाच ठरलेली रक्कम मिळते. दुसऱ्यात वाटा मिळतो, तो माणूस खेळत राहील तोपर्यंत. या वाट्याचा दर २५ ते ४० टक्के सर्रास सांगितला जातो. आता विचारा, कशाचा वाटा? टाकलेल्या पैशांचा नव्हे. कंपनीच्या निव्वळ कमाईचा. आणि जुगारात कंपनीची कमाई म्हणजे खेळणाऱ्याचे नुकसान. दुसरी कुठलीही कमाई तिथे नसते.

त्याने आम्हाला मोबाइलवर हिशेबाचे पान दाखवले. क्लिक किती, नोंदणी किती, पहिले डिपॉझिट किती, आणि शेवटच्या रकान्यात त्याचे कमिशन. नावे नव्हती, नुसते आयडीचे आकडे. पण एका ओळीवर त्याचे बोट थांबले. त्या तारखेला त्याच्या मामेभावाने त्याच्यासमोर बसून आयडी काढली होती, म्हणून ती ओळ त्याला ओळखू आली. मामेभाऊ महिनाभरात नऊ हजार हरला होता. इकडे त्या ओळीपुढे हिरव्या अक्षरांत अधिक २,७०० लिहिलेले होते.

आम्ही काही बोललो नाही. तोच म्हणाला, "दादा, मी काय कुणाच्या खिशात हात घातला का? लिंक दिली फक्त."

पुढची गंमत (गंमत म्हणवत नाही, पण शब्द सुचत नाही) अशी की एखाद्या महिन्यात त्याची माणसे जिंकली तर त्याचे खाते वजामध्ये जाते. काही कंपन्या ही वजाबाकी पुढच्या महिन्यावर टाकतात. म्हणजे ज्यांनी आपल्या शब्दावर पैसे लावले ते हरावेत, अशी इच्छा त्या मुलाला धरावी लागते. तो स्वभावाने वाईट नाही. करारच तसा लिहिलेला आहे.

जुन्या लोकांना यात मटक्याचा रायटर आठवेल. मटका मुंबईत कापसाच्या भावांवरच्या आकड्यांतून सुरू झाला, साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने पसरला आणि गिरण्यांच्या फाटकापर्यंत आला. चिठ्ठीवर आकडा लिहून घेणारा रायटर चाळीतलाच असे. पण त्याचे कमिशन सहसा गोळा केलेल्या रकमेवर असे. तुम्ही जिंका की हरा, त्याला फरक पडत नसे. उलट कुणी जिंकले तर त्याच्याकडे गर्दी वाढे. लिंकवाल्याचे पोट मात्र तुमच्या हरण्यावरच आहे. आणि रायटरला एका नाक्याची सीमा होती. लिंकला नाका नसतो.

या धंद्याचा रोख गेल्या काही वर्षांत कुठे वळला, तेही पाहिले पाहिजे. पूर्वी ॲफिलिएट म्हणजे इंग्रजीत परीक्षणे लिहिणारी, शोधयंत्रात वर येण्यासाठी धडपडणारी संकेतस्थळे. जाहिरातींवर बंधने येऊ लागली तशी वाट बदलली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना आणि ऑनलाइन प्रकाशकांना सूचना काढली होती, कारण सट्ट्याच्या कंपन्या 'न्यूज' असे शेपूट लावलेल्या नावांनी बातम्यांची संकेतस्थळे काढून त्यांच्या जाहिराती करत होत्या. हा आडमार्ग अडला की धंदा आणखी आत सरकतो : टेलिग्राम, व्हॉट्सॲप, तीस सेकंदांचे व्हिडिओ, आणि भाषा मराठी. आयपीएल आली की हंगाम. महादेव ॲपच्या तपासात ईडीने जी पद्धत मांडली ती याच दिशेची होती : ओळखीच्या माणसांना फ्रँचायझीसारखी 'पॅनल' वाटायची आणि नफा ७०-३० वाटून घ्यायचा. ओळखीची माणसे, हे शब्द ध्यानात ठेवा.

युक्त्या जुन्याच आहेत. एक सांगतो, कारण ती कळली की अर्धा प्रभाव उतरतो. आठशे माणसे आहेत. चारशेंना सांगायचे आज अमुक संघ जिंकणार, चारशेंना सांगायचे दुसरा. ज्यांना चुकीचे सांगितले त्यांना विसरायचे. उरलेल्या चारशेंचे पुन्हा दोन भाग. तिसऱ्या सामन्यानंतर शंभर माणसे अशी उरतात, ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तीनदा लागोपाठ अचूक भाकीत पाहिले आहे. ही शंभर माणसे तुम्ही काहीही म्हणा, ऐकणार नाहीत.

दुसरी युक्ती बोनसची. विमान वर चढते आणि ते उडून जायच्या आत पैसे काढायचे, हा खेळ मुलांना सगळ्यांत जास्त ओढतो. त्यात लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी ९७ परत येतात, हे खेळ बनवणारी कंपनीच सांगते. ऐकायला बरे वाटते. पण हजार रुपये बोनस 'मोकळा' करायला तीसपट खेळण्याची अट असेल, तर तीस हजार रुपये लावावे लागतात आणि त्यावर तीन टक्क्यांनी सरासरी नऊशे जातात. हजार मिळवायला नऊशे! आम्ही हा हिशेब अभ्यासिकेच्या फळ्यावर मांडला तेव्हा एका मुलाने विचारले की मग अंदाज सांगणारे ॲप घेतले तर? तेही कुणीतरी लिंकनेच विकत असतो.

आता मुद्द्यावर येतो. लिंकवाला काय विकतो? ॲप त्याचे नाही, खेळ त्याचा नाही, पैसेही त्याचे नाहीत. तो फक्त 'आपला माणूस सांगतोय' हा विश्वास विकतो. समाजशास्त्रात आम्ही सामाजिक भांडवल वाचले, बोर्द्यू वाचला. पुस्तकात असे असते की ओळखीपाळखीचे भांडवल वरच्या वर्गाकडे जास्त असते आणि त्याचा त्यांना पैसा करता येतो. वस्तीकडे काय असते? एकमेकांना रात्री-अपरात्री उपयोगी पडण्याची सवय असते. दवाखान्यात रक्त लागले, पोलीस चौकीत कुणाला नेले, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, अशा वेळी जयंतीच्या ग्रुपवर एक संदेश पडतो आणि दहा जण उठतात. हा विश्वास फुकट मिळालेला नाही. मागच्या दोन-तीन पिढ्यांनी मोर्चे काढून, वर्गण्या जमवून, बुद्धविहारे बांधून तो जमवला. त्याच ग्रुपवर 'जय भीम मित्रांनो, आज फिक्स रिपोर्ट' असा संदेश येतो. त्या कंपनीला कोट्यवधींची जाहिरात करूनही जे मिळाले नसते ते एका 'जय भीम'मध्ये मिळते, आणि किंमत काय, तर हरलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा, तोही हरणाऱ्याच्याच घरचा.

काही जण म्हणतात, व्यसन आहे, संस्कार कमी पडले. हे आम्हाला मान्य नाही. बारा-चौदा हजारांचे कंत्राटी काम, अकरा महिन्यांनी ब्रेक, परीक्षा पुढे ढकललेली, आणि समोर एक काम ज्यात जात विचारत नाहीत, ओळखीचा संदर्भ मागत नाहीत, बसल्या जागी पैसे येतात. त्या मुलाने ते धरले तर तुम्ही-आम्ही त्याला कुठला पर्याय दिला होता? एवढे म्हणून आम्ही त्याची बाजू घेत नाही. मामेभावाची ओळ आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पण उपदेश करणाऱ्यांनी आधी पगाराची पावती पाहावी.

आणि राज्य तरी कुठे निर्मळ आहे? १८८७ चा जुगारबंदी कायदा आपल्याकडे आहे, आणि १९६९ पासून सरकारची स्वतःची लॉटरी आहे. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही, तो २०२३ मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्यात मात्र मांडवीवर जहाजे उभी आहेत. जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून व्यापाराच्या मूलभूत हक्काचे कवच त्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच चमारबागवाला प्रकरणात सांगितले. पण त्याच निकालांनी कौशल्याच्या खेळाला वेगळे ठेवले, आणि पुढे त्या फटीतून केवढा धंदा उभा राहिला ते क्रिकेट संघाच्या जर्सीवर आपण पाहिलेच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, त्याने दोन्ही बंद केले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे चांगले आहे. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या लिंकवाल्याला वाटते, जाहिरात म्हणजे टीव्हीवर नट करतो ती. आपण चॅनलवर टाकतो ती नव्हे. आम्ही त्याला त्या कायद्याचा मजकूर वाचायला दिला. तो एमपीएससीसाठी राज्यघटना पाठ करणारा मुलगा आहे, वाचून गप्प झाला.

देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. परदेशातून चालणारी ॲपे थांबली नाहीत. एक पत्ता बंद झाला की दुसऱ्या पत्त्याची लिंक येते. म्हणजे लिंकवाल्याची गरज कायद्यानंतर वाढली. कारण ज्याला उघड जाहिरात करता येत नाही त्याला कुजबुजणारा माणूस लागतो. आणि पोलिसांच्या हाताला तोच लागतो. मालक कुरासाओच्या परवान्यामागे बसलेला, सर्व्हर आणखी कुठे, आणि आधार कार्ड, बँक खाते, मोबाइल क्रमांक मात्र वस्तीतल्या पोराचा.

विहारात एका रविवारी आम्ही हा विषय घेतला. एका ज्येष्ठांनी धर्मराजाच्या द्यूताचा दाखला देत म्हटले की जुगार या देशात जुनाच आहे. जुना आहेच. बाबासाहेबांनी 'क्रांती आणि प्रतिक्रांती'मध्ये आर्यांच्या समाजातल्या जुगाराची चर्चा केली आहे आणि कृत, त्रेता, द्वापार, कली ही फाशांची नावे होती हे दाखवले आहे. पण तो दाखला अनुकरणासाठी नाही. आमच्याकडे सिगालोवाद सुत्त आहे. त्यात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. पैसा जातो, जिंकलेल्याच्या वाट्याला वैर येते, हे कुणीही सांगेल. त्यातला एक तोटा मात्र आम्हाला नव्याने कळला : अशा माणसाच्या शब्दाला सभेत वजन उरत नाही. सुत्तात हे खेळणाऱ्याविषयी आहे. लिंक देणाऱ्याला ते जास्त लागू आहे, कारण शब्दाचे वजन हाच त्याचा माल.

त्याच बैठकीत त्या मुलाच्या वर्गणीचा विषय निघाला. अभ्यासिकेला संगणक हवेत, हे त्याला ठाऊक होते. त्याने पंचवीस हजार देऊ केले होते. एक काका म्हणाले, ऐंशीच्या सुमारास मटकेवाल्यांच्या वर्गणीवर किती मंडळे चालली, पैशाला वास येतो का. मागे बसलेली एक बाई उठली. तिचा नवरा रिक्षा चालवतो, रिक्षाचा हप्ता त्याच ॲपमध्ये गेला होता. ती एवढेच म्हणाली, "घ्या, पण पाटीवर माझ्या नवऱ्याचं नाव टाका, पैसे त्याचे आहेत." वर्गणी घेतली नाही. मुलगा चिडून महिनाभर आला नाही. आता येतो, कोपऱ्यात बसतो. चॅनल बंद केले म्हणतो. आम्ही तपासायला गेलो नाही.

जयंतीच्या ग्रुपवर लिंक पडली की ॲडमिनने काढायची, टाकणाऱ्याला चारचौघांत न बोलता फोन करायचा, असे ठरले. तीन जण ग्रुप सोडून गेले, दोन परत आले. हिशेबाचा फळा दर रविवारी मांडला जातो. तो पाहायला बायका जास्त येतात.

सध्या आमचा जास्त वेळ दुसऱ्याच एका मुलामागे जातो आहे. त्याने लिंक दिली नव्हती, खेळला नव्हता. महिना दोन हजारांवर आपले बँक खाते एका मित्राला 'वापरायला' दिले होते. परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून ते गोठवले गेले. त्याच खात्यात त्याचा पगार येतो. बँक म्हणते पोलिसांकडे जा, इथले पोलीस म्हणतात तिकडे जा. तिकडे जायचे तर रेल्वेचे भाडे आणि तीन दिवसांची हजेरी. वकिलाने अर्ज लिहून दिला आहे. मंगळवारी तो आणि आमच्यातला एक जण निघतील.