कमानीबाहेरून

आंद्रे इनग्रमची गोष्ट सांगणारे बहुतेक जण १० एप्रिल २०१८ च्या रात्रीपासून सुरुवात करतात. लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये लेकर्सकडून पहिल्यांदाच उतरलेल्या या ३२ वर्षांच्या बास्केटबॉलपटूनं ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध १९ गुण केले. केस पिकायला लागलेला हा नवखा पाहून प्रेक्षकांनी ‘एमव्हीपी, एमव्हीपी’ असा गजर सुरू केला. मला त्या रात्रीहून तिच्या आधीच्या दहा वर्षांचं अप्रूप जास्त आहे.

२००७ साली वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतून भौतिकशास्त्र शिकून तो बाहेर पडला. एनबीए या सर्वांत वरच्या लीगमधल्या एकाही संघानं त्याला घेतलं नाही. मग युटा फ्लॅश या डी-लीगच्या संघात तो दाखल झाला. हीच आजची जी-लीग, एनबीएच्या दाराशी उमेदवारी करणाऱ्यांची. पगार इतका बेताचा की बायको आणि दोन मुलींचा संसार चालवायला तो मुलांना गणित शिकवायचा. अशा ठिकाणी माणसं फार रेंगाळत नाहीत. कुणी चार पैसे जास्त मिळतात म्हणून परदेशी संघ गाठतं, कुणी सरळ नोकरी धरतं. इनग्रमही थोडे दिवस ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन आला, पण परत तो इथंच रमला.

त्याचं काम एकच, तीन गुणांच्या कमानीबाहेरून चेंडू टाकायचा. एनबीएच्या मैदानात ही कमान समोरून २३ फूट ९ इंचांवर असते, कोपऱ्यांत २२ फुटांवर. रिंग जमिनीपासून दहा फूट उंच, तिचा व्यास १८ इंच आणि चेंडूचा साधारण साडेनऊ. जागा ऐसपैस वाटते खरी, पण चेंडू सपाट आला तर त्याच्या वाट्याला येते ती चपटी, चिंचोळी फट. म्हणून त्याला उंच चढवायचं, म्हणजे उतरताना वाट रुंद होते. सुटता सुटता बोटांच्या टोकांनी उलटी फिरकी द्यायची, म्हणजे कडेवर आपटला तरी त्याचा जोर मरतो आणि तो आत घरंगळण्याची आशा राहते. भौतिकशास्त्र शिकलेल्याला हे कागदावर मांडायला कितीसा वेळ लागणार? पण मनगटाला ते असं समजावून सांगता येत नाही. पाय, गुडघे, कोपर, सगळ्यात शेवटी मनगट, हा क्रम अंगात मुरवावा लागतो. तोही असा, की शेवटच्या क्वार्टरमध्ये पाय जड झालेले असताना आणि समोरून कुणी हात उंचावून झेपावत असताना मोडू नये. त्या रात्रीच्या आधी इनग्रम खालच्या लीगमध्ये ३८४ सामने खेळला होता. तिथल्या इतिहासात सर्वाधिक थ्री-पॉइंटर त्याच्या नावावर होते, सातशेहून अधिक.

तेव्हा तो लेकर्सच्याच जी-लीग संघात, साउथ बे लेकर्समध्ये होता. त्यांचा हंगाम संपला आणि शेवटच्या औपचारिक बोलण्यासाठी म्हणून त्याला बोलावलं गेलं. खोलीत लेकर्सचा कारभार तेव्हा पाहणारे मॅजिक जॉन्सन बसलेले. लेकर्स प्लेऑफच्या शर्यतीतून केव्हाच बाहेर पडले होते, दोनच सामने उरले होते आणि तेवढ्यासाठी त्यांना तो हवा होता.

त्या सामन्याचं चित्रण पाहताना माझं लक्ष त्याच्या हातांवर खिळतं. कमानीबाहेरून त्यानं पाच वेळा चेंडू टाकला, चार वेळा तो आत गेला. त्यातली एकही फेक खास त्या रात्रीसाठी घडवलेली नव्हती. साउथ बेच्या एल सेगुंडोतल्या सरावगृहात काहीशे माणसांसमोर तो हेच करत आला होता. त्याच्या तपश्चर्येला फळ आलं, असं त्या दिवसांत खूप लिहिलं गेलं. मला ते पटत नाही. ते बोलावणं आलंच नसतं, तर काय ते सातशे बास्केट कमी भरले असते? व्यावसायिक खेळाडू म्हणून तो २००७ पासूनच जगत होता. आपण त्याला पाहिलं उशिरा.

दुसऱ्या रात्री क्लिपर्सविरुद्ध त्याचे पाच गुण झाले आणि लेकर्सचा हंगाम संपला. मार्च २०१९ मध्ये त्यांनी त्याला पुन्हा दहा दिवसांच्या करारावर घेतलं, पण चार सामने मिळूनही वाट्याला मोजकीच मिनिटं आली. म्हणजे एनबीएतले सामने सारे मिळून सहा. त्या सहांनंतरही तो साउथ बेच्या संघात परतला आणि पुढच्या हंगामातही खेळला, हे मला त्या १९ गुणांइतकंच महत्त्वाचं वाटतं.