मंग लागते कोणाले?

दहावीच्या गणितात संभाव्यतेच्या प्रकरणात पत्त्यांचा कॅट येतोच. भिवापुरातल्या माझ्या वर्गाला इस्पिक, किलवर, बदाम, चौकट शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या दिवसांत मोठ्यांचे डाव पोरांनी पाहिलेले असतात. पुस्तक मात्र एक पत्ता काढून थांबते. मला पुढे जायला आवडते, म्हणून मी पोकरचे एक बक्षीस मांडतो.

त्याला बॅड बीट जॅकपॉट म्हणतात. चार गुलामांसारखा जबरदस्त हात घेऊनही जो हरला, बक्षीस त्याला. अमेरिकेतल्या पोकर रूममध्ये डावाडावातून थोडे पैसे कापून हा गल्ला साठवतात. लागला की बहुधा निम्मा हरणाऱ्याचा, पाव जिंकणाऱ्याचा, उरलेला टेबलावरच्या बाकीच्यांचा.

त्यातला एकच प्रकार घेऊ. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधले पाच सगळ्यांचे. एकाच्या हातात दोन राजे, दुसऱ्याच्या हातात दोन गुलाम. मधे उघडणाऱ्या पाच पत्त्यांत उरलेले दोन्ही राजे, दोन्ही गुलाम यायलाच हवेत. पाचवा पत्ता 44 पैकी कोणताही. 48 पत्त्यांतून पाच निवडायच्या रीती 17,12,304. भागाकार केला की 38,916 वेळांत एकदा. आणि दोघांनाही अशा वेगवेगळ्या जोड्या मिळणे, हेच मुळात सुमारे 289 डावांत एकदा. गुणाकार 1 कोटी 12 लाखांच्या पुढे जातो.

इथे बहुतेक मुले पेन खाली ठेवतात. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मंग हे लागते तं कोणाले?"

फार मोलाचा प्रश्न. आपण नेमके दोन खेळाडू धरले होते. टेबलावर नऊ जण बसले, तर दोघादोघांचे गट 36 होतात. एका डावात हे दोन गटांना घडूच शकत नाही: तिघांचे चार-चार पत्ते जुळायला मधे सहा पत्ते लागतील, आणि असतात पाचच. म्हणून सरळ 36 ने भागायचे. साधारण 3 लाख 12 हजार 664 डावांत एकदा. ताशी 30 डाव धरले तर दहा हजार तासांहून जास्त, तेही कोणी मधेच पत्ते टाकले नाहीत तर. आणि नऊतल्या ठरावीक एकाने स्वतः हरून निम्मा गल्ला घ्यायचा, तर पुन्हा 9 ने गुणा: 28 लाखांच्या वर.

सहा पत्त्यांचे कारण शब्दांत लिहिल्याशिवाय 36 चा भागाकार मी कुणाचाच मान्य करत नाही, उत्तर बरोबर असले तरी.